वयाची अट

मी पलूसची. साताऱ्यातल्या एका विद्यापीठ विभागात कंत्राटी लिपिक म्हणून लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. ऑर्डर अकरा महिन्यांची. ती संपली की दोन दिवस घरी बसायचं, मग नवी घ्यायची.

हळूहळू वेळापत्रक, परीक्षेचे फॉर्म, पीएचडीच्या फायली, समितीचे अहवाल, सगळं माझ्याकडे आलं. नवे विभागप्रमुख पहिल्या दिवशी मलाच विचारायचे, "मॅडम, इथं कसं चालतं?" मला बरं वाटायचं.

तिसऱ्या प्रमुखांनी कार्यालय अधीक्षकाचं कायम पद मागायचं ठरवलं. "पद मंजूर झालं की तुमच्याशिवाय आहे कोण?" असं ते म्हणाले. प्रस्ताव मीच टाइप केला. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतून तो दर वेळी काहीतरी त्रुटी काढून परत यायचा. ने-आण करणारे आमचे शिपाईमामा वैतागायचे. "आवं मॅडम, ही फाईल न्हाई, माहेरवाशीण हाय. फिरून हितंच येतीया." मी हसायचे. अशी काही वर्षं गेली.

अखेर मंजुरी आली. जाहिरातीचा मसुदा तपासायला माझ्याकडेच आला. वयाची अट वाचली आणि बोटांवर महिने मोजले. परत मोजले. चार महिन्यांनी माझं वय अटीबाहेर गेलं होतं.

वयात सवलत मिळावी म्हणून अर्ज घेऊन वरच्या अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला.

"मूळ प्रस्ताव तुम्हीच केला होता ना?"

"हो सर."

"मग अट माहीत होतीच की."

"तेव्हा मी अटीत बसत होते सर."

त्यांनी अर्ज परत माझ्यापुढे धरला. "वाईट वाटतं हो. पण नियमात नाही."

लेखी परीक्षेच्या दिवशी बाकांवर नंबर मी चिकटवले. एका मुलीनं विचारलं, "ताई, तुमचा नंबर कुठं आलाय?" मी म्हणाले, "मी इथलीच आहे."

निवड झाली ती उंब्रजची मुलगी. ती आखडू निघावी असं मला मनापासून वाटत होतं. पण ती आली आणि म्हणाली, "ताई, मला काही येत नाही. शिकवाल ना?" मी शिकवलं. ती वहीत सगळं लिहून घ्यायची. दोन-तीन महिन्यांत तिला माझी गरज उरली नाही. तिच्यावर रागावायचीही सोय नव्हती.

दिवाळीला घरी गेले तेव्हा भाऊ म्हणाला, "सांगलीत बघ की कुठंतरी." एका कॉलेजात गेले. तिथल्या कार्यालयातल्या गृहस्थांनी अनुभवाचा दाखला वाचला, घडी घालून परत दिला.

"अनुभव लय हाय तुमचा. पण आमाला नव्या मुली घ्यायच्यात. सांगंल तसं करणाऱ्या."

सुट्टी संपल्यावर साताऱ्याला परतले. त्याच आठवड्यात पीएचडीचा एक जुना विद्यार्थी अडलेली फाईल घेऊन आला. सवयीनं माझ्या टेबलापाशी थांबला, कागद काढू लागला. मग त्याला समोरच्या केबिनवरची कार्यालय अधीक्षकाची पाटी दिसली. "सॉरी मॅडम," म्हणत त्यानं कागद गोळा केले आणि तिकडे गेला. त्याची अडचण काय होती ते मला लांबूनच कळलं होतं. ती मुलगी त्याला बरोबर मी शिकवलेलंच सांगत होती.

मी हजेरीपत्रकं लावायला घेतली.