उतारावरचं इंजिन

वाफेच्या इंजिनामागे मोटार घेऊन धावणाऱ्या आमच्या टोळक्यात मी एकटीच बाई. लोक विचारायचे, बाईमाणसाला हे कसलं खूळ? मी म्हणायचे, तुम्ही मॅच बघायला दिवस घालवता तेव्हा मी विचारते का? हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. मला ते चांगलं माहीत आहे, म्हणून तर लिहायला बसले.

आता सगळीकडे रुळांवर विजेच्या तारा आल्या. तरी वर्षा-दोन वर्षांतून कधी कुठलं जुनं कोळशाचं इंजिन दुरुस्त करून आणतात, त्याला पाच-सहा डबे जोडतात आणि हौशी लोकांसाठी एक फेरी काढतात. आम्ही त्या डब्यांत बसत नाही. आत बसलं की इंजिन दिसत नाही, मग जाऊन उपयोग काय? आम्ही रस्त्याने पुढे जाऊन एखादी जागा धरतो, गाडी आली की फोटो काढतो, ती गेली की स्वतःला मोटारीत कोंबून घेतो आणि तिच्याही पुढे जाऊन पुन्हा उभे. आम्ही तिघं. पिंप्राळ्यातला बियाण्यांचा दुकानदार, त्याला आम्ही भाऊ म्हणतो, व्हॅन त्याची. अमळनेरच्या कॉलेजातले प्रयोगशाळेचे सर, वेळापत्रक आणि नकाशे त्यांच्याकडे. आणि मी, शाळेत भूगोल शिकवणारी, जागा ठरवणारी. जागा म्हणजे उजेड. सूर्य आपल्या पाठीशी आणि इंजिन समोर, एवढं एक सूत्र मी कधी मोडलं नाही.

माझे वडील, नाना, भुसावळच्या शेडमध्ये फायरमन होते. इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकायचं काम. हाताचे केस कायमचे जळालेले. निवृत्त झाल्यावर साखरेच्या आजाराने आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं. दोन वर्षं बुधवारी आणि शनिवारी मी त्यांना डायलिसिसला न्यायचे. रोज किती पाणी प्यायचं ते भांड्याने ठरलेलं. जन्मभर बॉयलरच्या पाण्याची काळजी वाहिलेला माणूस, त्याला घोट घोट मोजून द्यायला माझ्या जिवावर यायचं. पण त्या दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

मग बातमी आली की चाळीसगावहून धुळ्याला वाफेची गाडी येणार. रविवार, सकाळची वेळ. नानांचं गाव त्याच रुळांच्या कडेचं. मी सांगितलं तेव्हा ते खाटेवर उठून बसले. म्हणाले, "माले चढवर लई जाय. उतारवर इंजन बोलस नही."

बोलणं म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. चढावर इंजिन ओढायला लागलं की वाफेचा एकेक ठोका धुराड्यातून बाहेर पडतो, भक् भक् भक्, आणि नाना म्हणायचे की त्या ठोक्यावरून आत कोणाचा हात आहे ते कळतं. उतार लागला की ड्रायव्हर वाफ बंद करतो आणि इंजिन नुसतं घरंगळत जातं. दिसायला तेच. ऐकायला काही नाही. नानांना आता दिसत नव्हतंच. त्यांना ते ठोके एकदा ऐकायचे होते, जायच्या आधी. असं त्यांनी म्हटलं नाही, पण आम्हा दोघांनाही ते कळत होतं.

चाळीसगाव ते धुळे सगळी वाट उताराचीच. मधे शिरूडच्या अलीकडे एक छोटा चढ आहे, टेकडी फोडून रूळ नेलेत तिथे. आदल्या रविवारी मी जागा बघायला गेले. त्या चढावर दोन्हीकडे दरडी, सकाळी तिथे ऊन पोचतच नाही. काळं इंजिन काळ्या सावलीत, काय डोंबलाचा फोटो येणार? अर्धा किलोमीटर पुढे टेकडी संपते, रूळ उघड्यावर येऊन वळतात, बाजूला वेचणीला आलेला कापूस, आणि कोवळं ऊन थेट इंजिनाच्या तोंडावर. तिथून पुढे उतार सुरू होतो हे मला दिसत होतं. भूगोल शिकवते ना मी! पण मी मनाशी म्हटलं, अर्धा किलोमीटर ते काय, चढावरचा आवाज इथवर येईलच. शिवाय माणसं जमली की ड्रायव्हर मुद्दाम धूर काढतात, जोर दाखवतात. काढतीलच.

भाऊने विचारलं होतं. म्हणाला, ताई, मी नानांना घेऊन चढावर थांबतो, तुम्ही पुढे फोटो काढा. भला माणूस. मला काय वाटलं कोण जाणे, माझ्या नाकावर राग कायमचा वस्तीला. मी म्हटलं, माझ्या बापाकडे मी बघीन, तू तुझा कॅमेरा बघ. नानांना मी एवढंच सांगितलं की चढाजवळच आहोत. खोटं नव्हतं ते, आणि खरंही नव्हतं.

त्या दिवशी थंडी होती. नानांना स्वेटर, मफलर, कानटोपी घातली होती. शनिवारचं डायलिसिस झालेलं, अंगात त्राण नव्हतं. रुळांपासून लांब, बांधावर प्लास्टिकची खुर्ची ठेवून त्यांना बसवलं. मला वाटलं होतं आम्ही तिघंच असू. कसचं काय! गाव लोटलं होतं. मोटारसायकली, कडेवरची पोरं, व्हिडिओ काढणारे, आणि डोक्यावर कोणाचं तरी ड्रोन मधमाशीसारखं घोंघावत होतं. नानांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. मी पुन्हा घालायला गेले तर हात धरला.

शिटी ऐकू आली. नाना ताठ झाले, मान एका बाजूला वळवली. वारा उलटा होता, लोक ओरडत होते, त्यातून टेकडीतला आवाज आलाच नाही. आणि मग इंजिन वळणावर आलं, स्वच्छ धुतलेलं, पितळ चमकत होतं, धुराड्यातून धुराची एक रेघही नाही. ते आमच्यासमोरून नुसतं गेलं. लोखंडाची खडखड, मग डब्यांची. ड्रायव्हरने हात हलवला. मी शटर दाबत होते. दहा-बारा फोटो घेतले मी, तेवढा वेळ बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

कॅमेरा खाली घेतला तेव्हा नाना अजून त्याच बाजूला कान देऊन बसले होते.

"गयी का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"वाफ बंद व्हती," ते म्हणाले. मग माझ्या बाजूला मान वळवून म्हणाले, "बोलनं नही वं माय."

मी भाऊला ओरडले, गाडी काढ, पुढे धरू तिला. आजवर शंभरदा हेच केलं होतं, एक जागा हुकली की पुढची. नानांना अक्षरशः उचलून व्हॅनमध्ये ठेवलं. भाऊने गाडी सुरू केली. कॉलेजचे सर पुढच्या सीटवर नकाशा घेऊन बसले होते. ते मागे न बघता हळूच म्हणाले, ताई, इथून धुळ्यापर्यंत सगळा उतारच आहे. मी म्हटलं, माहीत आहे. तरी भाऊने व्हॅन पळवली, कारण थांबून काय करायचं ते कोणालाच सुचेना.

धुळ्याला इंजिन फलाटावर उभं होतं. मी नानांना म्हटलं, उतरा, हात लावून बघा, गरम असेल अजून. ते नको म्हणाले. उभ्या इंजिनाला काय ऐकायचं, असं म्हणाले आणि घरी चला म्हणाले. रागाने नाही. आजारी माणूस थकल्यावर म्हणतो तसं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी पाया पडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं.

पारोळ्याच्या पुढे त्यांनी विचारलं, "तुना फोटो चांगला उना का?"

मी म्हटलं, आला.

"मंग तठे उजेड व्हई," ते म्हणाले, आणि कानटोपी घालून खिडकीला डोकं टेकवलं.

भाऊने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

नाना त्यानंतर साडेतीन आठवडे होते. म्हणजे सात वेळा डायलिसिस. दर वेळी चार तास मी त्यांच्या खाटेला लागून बसायचे, आणि ते जागे असायचे. नाना, चुकलं माझं, एवढे तीन शब्द. दर वेळी घरून ठरवून निघायचे आणि जीभ रेटायची नाही. तो फोटो मी आमच्या इंजिनवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता, तो गाजला होता, कुठून कुठून लोक लिहीत होते. मी तिथे बसून फोन बघायचे. एकदा नानांनी विचारलं, काय वाचतेस? तर मी त्यांना ती सगळी वाहवा मोठ्याने वाचून दाखवली. उजेड काय पकडलाय, असंही त्यात कोणी लिहिलं होतं, तेही वाचलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, चांगलं शे.