तुलनेचं गाव

नोकरी सांभाळून पीएचडी करायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला एकदा माझ्यासोबत रविवारच्या एसटीत बसवलं पाहिजे. आठवडाभर नर्सिंगच्या पोरींना शिकवायचं, वॉर्डात त्यांच्यामागे फिरायचं आणि सुटीच्या दिवशी डबा बांधून खेड्यात जायचं. परवा देवळीहून येताना असा डोळा लागला की वर्धा आलं तरी पत्ता नाही. कंडक्टरनं आवाज दिला, "मॅडम, उतरा नं, गाडी डेपोत चालली." चालू द्या बाप्पा, असंच म्हणावंसं वाटलं.

घरी थट्टा वेगळीच. नणंद म्हणते, "डॉक्टरीणबाई, पोळ्या लाटता का थिसिस लिहिता?" आधी मीही हसायचे. आता हसायचाही कंटाळा येतो.

माझा विषय तसा साधा. बाळंतिणीला घरी जाऊन अंगावर पाजायचं नीट शिकवलं, तर बाळाला वरचं दूध लवकर लागतं की नाही, एवढंच बघायचं. त्यासाठी दोन गावं घेतली. देवळीकडच्या गावात शिकवायचं. आंजीकडच्या गावात फक्त प्रश्न विचारून यायचं. तिथल्या बायांना शिकवायचं ते अभ्यास संपल्यावर. मग दोन्ही गावांची तुलना. कागदावर किती सोपं!

आणि आंजीकडे मी काय केलं? शिकवून बसले! मुद्दाम नाही हो. घरात शिरावं तर बाई लेकराला कसंतरी धरून बसलेली, लेकरू रडून लाल, सासू वाटी-चमचा घेऊन तयार. माझे हात आपोआप पुढे जायचे. जन्मभर तेच केलंय. आज आपण नर्स नाही, संशोधक आहोत, हे हातांना कोण सांगणार?

गाइड मॅडमना निकाल दाखवले तर दोन्ही गावं सारखीच. त्यांनी चष्मा काढला.

"तिकडंही शिकवलंत?"

मी मान डोलावली.

"मग तुलना कशाशी करायची? सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवलंत तुम्ही." मग जरा नरमल्या. "नवं गाव घ्या. पण ही मुदतवाढ शेवटची आहे आणि एका गावात बाळंतिणी त्या किती सापडणार. एक जरी गळली तरी जमायचं नाही. तोंडाला कुलूप लावून जा."

बसस्टँडवर बसून मी चक्क रडले. मॅडमचा राग नव्हता, माझाच होता. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "सोडून दे नं. कोणाले दाखवाची आहे डिग्री?"

"मले," मी म्हटलं.

मग हिंगणघाटकडचं एक गाव धरलं. रविवारमागून रविवार, घरामागून घर. विचारायचं, लिहायचं, उठायचं, आणि महिन्याभरानं परत येऊन तेच विचारायचं. कुठं काही चुकीचं दिसलं की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचे. जीव मेटाकुटीला आला, पण कुलूप काही उघडलं नाही.

शेवटचं घर एका पहिलटकरणीचं. माहेरी आलेली, वयानं माझ्या विद्यार्थिनींएवढी. सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिनं नीट दिली. मी वही मिटली, तशी म्हणाली, "सिस्टर, पाजताना जीव जाते माहा. आईनं बाटली आणून ठेवली. काय करू?"

लेकरानं तोंड पुरतं उघडलंच नव्हतं, नुसतं टोक चोखत होतं. मला दारातूनच दिसलं होतं ते.

"पुढच्या महिन्यात येतो, तवा सगळं दाखवतो तुले."

ती रागावली नाही. लेकराला थोपटत एवढंच म्हणाली, "तवरक लेकरू उपाशी राहीन का?"

मी चपला घातल्या. अंगणात आले. फाटकाला हात लावला, आणि काय करू, मागून लेकराचं रडणं ऐकवेना. परत आत गेले, पिशवी खाली ठेवली.

"हात धुवाले पाणी दे, माय."

लेकरू थोडं वर उचललं, पोटाशी लावलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबवलं. मग ते लागलं. तिचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली आले.

"एवढंच होतं का, सिस्टर?"

"एवढंच होतं," मी म्हटलं. लेकरू आता गप होतं आणि मला रडू आवरत नव्हतं.