चटईखाली बसलेला याकोपो

आमचा याकोपो गेला. गावाला वाटायचं तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तसं नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये चोर कुठनं शिरेल, लोकांची खासगी माहिती कुठनं बाहेर जाईल, ती भोकं शोधायचं काम त्याचं. राजधानीत, आपियात, ऑफिस होतं, सिडनीवाले पण बोलवायचे.

एकदा त्याला दिसलं की आपल्या सावाई बेटावरच्या दवाखान्यातले केसपेपर कुणीही घरबसल्या उघडू शकतो. डॉक्टर मानेनात. म्हणाले, "दाखव बरं." सभा भरली, गावचे सगळे मताई, म्हणजे घराघरांचे प्रमुख, मांडी घालून बसले. परक्याचा केसपेपर उघडायचा तर आधी विचारायला पाहिजे, हे तोच सगळ्यांना शिकवायचा. म्हणून त्यानं घरचा उघडला. थोरल्या बहिणीचा, मासिनाचा. घरातलं ते आपलंच, आमच्यात सगळे असंच धरून चालतात.

प्रोजेक्टरनं भिंतीवर मोठ्या अक्षरात आलं, मासिनाची गर्भाची पिशवी काढलीय. ती सगळ्यांना पित्ताचं ऑपरेशन म्हणून सांगत होती. आमच्यात भाऊ बहिणीसमोर अंगाचा एक शब्द काढत नाही, आणि ह्यानं ते मताईंसमोर भिंतीवर लावलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. याकोपोला बटण सापडेना बंद करायला.

सकाळी तो तिच्या दारात डोक्यावरनं बारीक विणीची चटई घेऊन बसला. चुकलेला माणूस असाच बसतो. घरच्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर त्या घराशी नातं संपलं.

आतनं त्याला सगळं ऐकू येत होतं. मासिना नारळ खवत होती. दाजी म्हणाले, "उचल की आता. ऊन चढलं."

"चढू दे. माझं पोट दाखवलं त्यानं गावाला, त्याची टाळू तरी भाजू दे."

दुपार झाली तेव्हा ती आली. चटई उचलली. त्याला मान वर करता येईना.

"ताई, विचारायला पाहिजे होतं."

"विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं?"

"नको म्हणाली असतीस."

"मग कळत होतं की तुला."

ती म्हणाली, "आत ये. कोको केलाय."

कोको प्यायला, पण ते बोलणं त्याच्या अंगातनं गेलं नाही. नंतर कुठंही दाखवायचं झालं की तो स्वतःचा केसपेपर उघडायचा. अख्ख्या आपियाला त्याची मूळव्याध माहीत. लोक हसायचे, तो हसू द्यायचा.

परवा मासिनानं तीच चटई त्याच्या शवपेटीवर घातली. लोक येऊन विचारतात, काय झालं होतं त्याला? ती म्हणते, "ते त्याचं त्याला माहीत."