कॉलेजात पहिली, मराठीत नापास

आमचा अकरावीचा निकाल वर्तमानपत्रात आला तेव्हा मी मूर्तिजापूरला घरी होते. बाबा रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. गाडीतून उतरलेला पेपरांचा गठ्ठा फलाटावरच सुटला, तसा एक अंक घेऊन ते क्वार्टरकडे जवळजवळ पळतच आले.

"तुहा नंबर सांग बरं पुन्हा."

मी सांगितला. बाबांचं बोट रांगेवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. माझ्या आधीचा नंबर होता, माझ्या नंतरचा होता. मधला माझा नव्हता.

"छापाले चुकले असन हे लोक," बाबा म्हणाले. मलाही तसंच वाटलं. मी नापास होऊ शकते, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

त्याला कारण होतं. मी अमरावतीला वसतिगृहात राहून शिकत होते ती शाळा नुकतीच उच्च माध्यमिक झाली होती. साध्या मॅट्रिकवाल्यांना पदवीच्या आधी कॉलेजात एक वर्ष काढावं लागे. आम्ही अकरावी पास झालो की ते वर्ष भरल्यासारखंच, एकदम पदवीच्या पहिल्या वर्षाला. शाळेत रसायनाची प्रयोगशाळा नव्हती म्हणून हेडसरांनी जवळच्या कॉलेजाशी बोलून आमची सोय लावली होती. आठवड्यातून दोन दुपारी आम्ही चार मुली दोन वेण्या घालून कॉलेजच्या मुलांमध्ये परीक्षानळ्या धरून उभ्या राहायचो. जानेवारीत तिथल्या प्राध्यापकांनी सगळ्यांची एकत्र चाचणी घेतली. मार्क वरून खाली वाचताना पहिलंच माझं नाव आलं. माझा विश्वास बसला नाही. मुलं वळून बघत होती.

घरी सांगितलं, तेव्हा बाबा उठून फळीपाशी गेले. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी देव्हारा काढून त्या जागी माझ्या पुस्तकांसाठी ही फळी ठोकली होती. त्या फळीवरचं एक पुस्तक काढून त्यांनी उगाच पुसलं आणि परत ठेवलं.

त्या दिवसापासून मी स्वतःला कॉलेजातलीच समजू लागले. शाळेचे बाकीचे विषय मला पोरकट वाटायला लागले, मराठी तर फारच. मराठीच्या बाई मला दोनदा म्हणाल्या, "व्याकरणाची वही दाखव." मी दोन्हीदा विसरले म्हणून सांगितलं. बोर्डाच्या परीक्षेत मराठीचा पेपर अर्धवट टाकून मी दीड तासात उठले, कारण दुसऱ्या दिवशी रसायन होतं. निबंध अकरा ओळींचा, कवितेचे प्रश्न कोरे.

छापणाऱ्यांची चूक नव्हती. आठ दिवसांनी बाबांबरोबर अमरावतीला जाऊन गुणपत्रिका घेतली. रसायनात शाळेत पहिली. मराठीत एकतीस.

बाबांना अक्षरओळख होती, इंग्रजी आकडे कळत होते. त्यांनी कागद दोनदा पाहिला.

"मराठीत?" ते म्हणाले. "आपुन बोलतो ते मराठीच हाय ना वो माय? मंग काहून नापास झाली तू?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते.

हेडसरांनी आत बोलावलं. मला वाटलं, आता मला बोलणी बसणार. ते म्हणाले, "ऑक्टोबरला पुन्हा बस. तुझं एक वर्ष गेलं. पण तुझ्यामुळे मराठीच्या बाईंचे अकरावीचे तास गेले, हे तुला माहीत आहे का?"

"बाईंचे? ते कसे?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं, बाई स्वतः फक्त मॅट्रिक आणि ट्रेनिंग झालेल्या. अकरावीला पदवीधर शिक्षक लागतो. तो मिळेपर्यंत हेडसरांनी आपल्या जबाबदारीवर त्यांना वर्ग दिला होता. आता मराठीत एक नापास निघाली आणि संचालक मंडळाने विचारलं, मॅट्रिक बाईच्या हाती अकरावी कशी? जूनपासून त्या पाचवीला.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना म्हटलं, "मला बाईंच्या घरी जायचं आहे." ते लगेच उठले.

बाई अंगणात गहू निवडत होत्या. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "एकतीस ना? कळलं मला. आत ये, उन्हात उभी राहू नको."

आत खाटेवर पुस्तकं पसरली होती. मी ती ओळखली. पदवीआधीच्या त्या कॉलेजच्या वर्षाची, ज्या वर्षातून आम्हाला सूट होती त्याचीच.

"ही कुणाची, बाई?"

"माझी. बायकांना बाहेरून परीक्षेला बसता येतं. मार्चमध्ये बसणार आहे." मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "मी अजून कॉलेजची पायरी चढले नाही गं. तू चढलीस."

मला रडू आलं. "बाई, माझ्यामुळे तुमचा वर्ग..."

"तुझ्यामुळेच," बाई म्हणाल्या. त्यांनी ते नाकारलं नाही. "पण तू पास झाली असतीस तरी एखाद्या वर्षाने गेलाच असता. उद्यापासून सकाळी सातला ये. आणि हे सामान्य विज्ञान मला काही केल्या कळत नाही. ते तू शिकव."

दारात उभे असलेले बाबा पुढे आले आणि त्यांनी बाईंना हात जोडले. "तिले चांगलं झापा बाई," एवढंच म्हणाले.

हेडसरांनी ऑक्टोबरपर्यंत वसतिगृहात राहू दिलं; चार महिने मी तिथून चालत बाईंकडे जात होते. आधी तासभर व्याकरण, मग तासभर मी त्यांना आम्ल आणि अल्क समजावायची. निबंधाच्या वहीत त्या तांबड्या शाईने लिहीत, "हे तुला खरंच वाटतं का?" आणि मी तो परिच्छेद पुन्हा लिहायची. मराठीच्या विषयातही असा प्रश्न विचारता येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुरवणी परीक्षेचं केंद्र अकोल्याला होतं. बाबा रजा घेऊन आले आणि शाळेच्या फाटकाबाहेर निंबाखाली तीन तास बसले. मी शेवटची घंटा होईपर्यंत लिहीत होते.

मी पास झाले. कॉलेजचे प्रवेश तोवर कधीच संपले होते. जे वर्ष वाचणार म्हणून मी वर्षभर मिरवलं, ते घरी बसून गेलं. पुढल्या जूनमध्ये मी पदवीच्या पहिल्या वर्षाला गेले. त्याच महिन्यात बाईंचा निकाल आला. त्या विज्ञानात काठावर पास झाल्या होत्या. मार्कांचा आकडा त्यांनी मला कधी सांगितला नाही, आणि मी विचारायला धजले नाही.

पदवी मिळवायला त्यांना पुढे सात वर्षं लागली. शाळेने त्यांना अकरावी परत देऊ केली, तेव्हा "अकरावीपर्यंत फार उशीर होतो" म्हणत त्यांनी पाचवीच मागून घेतली, असं मला एका मैत्रिणीने सांगितलं.