लाभ धरून चौदा

माझा स्वभाव मुळातच संशयी. गॅस बंद केलाय का, ते मी दोनदा बघते. ऑपरेशन थिएटरमध्ये तर कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नाही. पोट शिवण्याआधी आत घातलेला प्रत्येक मॉप, म्हणजे रक्त टिपायचं जाड कापड, बाहेर आलाय का हे बघायचं काम माझं. दिघीजवळच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात वापरलेले मॉप साफसफाईच्या मावशी मोजायच्या आणि मी फळ्यावर रेघा ओढायचे.

मावशी चऱ्होलीच्या जुन्या घरातल्या. "लाभ, दोन, तीन," अशा मोजायच्या. त्यांच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मी कोकणातली, मला हे नवीन. टोकलं तर म्हणाल्या, "येकानं सुरवात करू न्हाई सिस्टर, बरकत जाती." रक्ताच्या कापडांत कसली आलीय बरकत! शिवाय एकदा त्यांनी त्यातल्याच मॉपने फरशी पुसली होती आणि आम्ही तासभर शोधत बसलो होतो. तेव्हापासून माझी त्यांच्यावर नजर असायची.

त्या दिवशी चाकणला कंपनीत कामाला जाणाऱ्या एका बाईचं गर्भाशय काढलं. तिच्या दोन मुली बाहेर बाकावर बसून होत्या. मॉप दिले होते पंधरा, फळ्यावर रेघा चौदा.

ऑपरेशन करणाऱ्या सरांचं पुढचं ऑपरेशन भोसरीला होतं. ते हसले. "अगं, लाभची रेघ ओढायची राहिली असेल तुझी. एक वाढव, झाले पंधरा." बाकीचेही हसले. सरांनी सुई मागितली.

ती रेघ मी ओढली होती का? मलाच आठवेना. मग नेहमीसारखा संशय मावशींवर गेला. सरांना थांबायला सांगितलं, बादली उपडी केली, कोपरे बघितले, शेवटी मावशींच्या एप्रनचे खिसेही तपासले. त्या हात बाजूला धरून उभ्या राहिल्या. सरांनी घड्याळाकडे बघितलं. मी मावशींना पुन्हा मोजायला लावलं आणि या वेळी फळ्याकडे न बघता फक्त ऐकत राहिले.

"...तेरा, चौदा."

"लाभ धरून?"

"धरूनच की. लाभ झाल्यावर दोनच येत्यात."

लाभ हाच त्यांचा एक होता. त्यात आणखी एक मिळवायचं काही कारणच नव्हतं. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी पुन्हा पोटात हात घातला आणि बराच वेळ चाचपलं. आतड्यांच्या मागून रक्ताने भिजून गोळा झालेला मॉप निघाला. 

मावशींनी ट्रे पुढे केला. मॉप त्यात पडल्यावर त्या म्हणाल्या, "पंधरा."

त्यांच्या खिशातून काढलेली मिश्रीची डबी अजून माझ्या हातात होती. ती परत देताना मला त्यांच्याकडे बघवेना.