डबल बेलशिवाय गाडी निघत नाही

माझ्या आजोबांनी उभं आयुष्य बस चालवण्यात घालवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी बस तेवढी डेपोत सोडली, बाकी सगळं घरी आणलं. त्यात मुख्य म्हणजे डबल बेल. कंडक्टरने एक घंटा दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. जेवण झालं तरी ते पानावरून उठत नसत. आजीने चमच्याने ताटलीवर दोन ठोके दिले की मग उठायचे. बाजारात निघताना चपला घालून, पिशवी घेऊन दारात उभे राहायचे आणि आतून टणटण आली की पहिलं पाऊल टाकायचे. आजी कधी आंघोळीला गेलेली असली, तर ती बाहेर येईपर्यंत आमच्या दारात एक माणूस पुतळ्यासारखा उभा असे.

"स्वतःच वाजवा ना मग," मी एकदा वैतागून म्हटलं.

"ड्रायव्हर बेल देत नाही," आजोबा म्हणाले. "बेल कंडक्टरने द्यायची. दोन्ही कामं एकानेच केली की अपघात होतो."

वाद घालून उपयोग नसे. हरायला लागले की ते डोळे मिटून घोरायचे.

अशा माणसाला मी माझ्या फिजिक्सच्या प्रोजेक्टमध्ये घेतलं. म्हणजे मी घेतलं नाही, ते आधीच खुर्ची ओढून बसले होते. विद्युतचुंबकावर चालणारी छोटी गाडी बनवायची होती. लेखी परीक्षेत मी दिवे लावले होते, त्यामुळे सगळी भिस्त या गाडीवर. ती चालली नाही तर त्याच वर्गात पुन्हा बसायचं, आणि माझी धाकटी बहीण पुढच्या वर्षी त्याच वर्गात येणार होती. माझ्या शेजारचा बाक तिने आत्ताच मागून ठेवला होता. आगाऊ कार्टी!

गाडी तशी साधी होती. पेनाच्या रिकाम्या नळीवर तांब्याच्या तारेचे वेढे घेतले आणि नळीत एक जाड खिळा ठेवला. तारेतून वीज गेली की नळी खिळ्याला आत ओढणार, खिळ्याला जोडलेला वाकडा दांडा मागची चाकं फिरवणार. अर्धा फेरा झाला की पत्र्याची एक पट्टी सुटून वीज बंद पडणार, उरलेला अर्धा फेरा चाकं आपल्याच वेगात पुरा करणार, की पुन्हा वीज सुरू. गाडी पळताना खट खट असा आवाज करायची. मला तो फार आवडायचा.

आजोबांना मात्र तिच्यात सतरा उणिवा दिसत.

"आरसा कुठंय?"

"आजोबा, ही वीतभर गाडी आहे."

"मागून गाडी आली तर?"

एके दिवशी मी शाळेतून आले तर आजीच्या पावडरच्या डबीतला आरसा गाडीला चिकटवलेला. मी तो काढला. दुसऱ्या दिवशी आजोबा ब्रेक बसवायला निघाले, तोही मी बसवू दिला नाही. वजन वाढत होतं ना! ते रुसले, आणि आजीला म्हणाले, "तुझ्या नातीला ब्रेक नकोय. चांगलं आहे. आम्ही काय, वेडे होतो."

चाचणी रोज स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हायची. मी बटण दाबायचे, आजोबा गाडीशेजारी ताठ उभे राहायचे, आणि आजी पोळ्या लाटता लाटता टेबलावरच्या ताटलीवर चमचा आपटायची, टणटण. गाडी निघायची. एकदाही अडली नाही. आजोबा माझ्याकडे बघायचे, जणू ती ताटलीमुळेच निघाली. मी कपाळाला हात लावायचे.

प्रोजेक्टच्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. आई-बाबा कामावर, आजीचे गुडघे दुखत होते, म्हणून आजोबा आले, इस्त्रीच्या खाकी शर्टात. रस्ताभर मी बजावत होते, "शाळेत टणटण नाही. बेलचा ब सुद्धा काढायचा नाही. सगळे हसतील मला."

"बरं," आजोबा म्हणाले. इतक्या पटकन ते कधीच ऐकत नसत.

फिजिक्सचे सर म्हणजे जमदग्नी. त्यांचा नियम असा, की बटण दाबून हात मागे घ्यायचा, त्यानंतर गाडीला बोट लागलं की प्रोजेक्ट बाद. गाडीने आपली आपण टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं.

बिस्किटाच्या डब्यातून मी गाडी काढली, टेबलावर ठेवली, डबा शेजारी ठेवला. बटण दाबलं, हात मागे घेतला.

गाडी ढिम्म हलेना.

सगळा वर्ग बघत होता. माझे कान तापले. सेल नवे होते, तारा घट्ट होत्या. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मला पुढच्या वर्षीचा बाक दिसायला लागला, त्यावर पाय हलवत बसलेली बहीणही दिसली, आणि मला खरोखर रडू आलं. आजोबा कोपऱ्यात ओठ घट्ट मिटून उभे होते. मी बजावलं होतं ना!

शेवटी मी लाज गुंडाळून ठेवली. "आजोबा, बेल द्या!"

"मी कशी देणार?" ते कळवळून म्हणाले. "मी ड्रायव्हर."

मग त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि ती थेट सरांवर थांबवली. "सर, तुम्ही द्या. या डब्यावर दोन. जरा जोरात."

सरांनी आजोबांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, हातातल्या स्टीलच्या पट्टीकडे पाहिलं. का कोण जाणे, त्यांनी ती उचलली आणि डब्यावर दोनदा हाणली. टण! टण!

गाडी निघाली. खट खट खट करत टेबल ओलांडून थेट कडेपर्यंत गेली.

"सिंगल! सिंगल द्या!" आजोबा ओरडले. सरांनी घाईघाईने एक ठोका दिला. गाडी कसली थांबते! आजोबांनी झेप घेऊन ती वरच्यावर झेलली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ब्रेक लावू या म्हणत होतो."

हशा ओसरल्यावर सरांनी विचारलं, "आधी का नाही निघाली?"

आता ते मला लख्ख दिसत होतं. "सर, खिळा आणि दांडा एका रेषेत आले होते. तिथे कितीही ओढ बसली तरी चाक फिरत नाही. ठोक्याने टेबल हादरलं, दांडा जरासा सरकला, मग फिरलं. घरी रोज आजी ताटली वाजवायची, म्हणून हा दोष आम्हाला कळलाच नाही."

"आणि मी बोट लावलं नाही," मी घाईने पुढे म्हटलं. "ठोका तुम्हीच दिलात."

सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "पास," ते म्हणाले.

"कसला दांडा न कसली रेषा," आजोबा पुटपुटले. "बेल दिली, गाडी निघाली."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, आणि सगळ्या वर्गासमोर मी ती मारली. मग सामान डब्यात भरून आम्ही निघालो. म्हणजे मी निघाले. आजोबा वर्गाच्या दारात, डबा काखेत धरून, ताठ उभे राहिले. आत पुढचा नंबर असलेली मुलगी आपली गाडी मांडत होती. मी त्यांची बाही ओढली, पण ते जागचे हलले नाहीत.

सरांनी मान वर न करता पट्टी उचलली आणि टेबलाच्या लोखंडी पायावर दोन ठोके दिले.