नसबंदीवाल्या बाबांचा पोळा

मंडळी, आज माझे बाबा जिंकले!

आम्ही दोघी मुली झाल्यावर बाबांनी स्वतःच्या मर्जीने नसबंदी करून घेतली. आणीबाणीच्याही आधी. मुलाची वाट पाहिली नाही. रामटेकजवळच्या आमच्या गावाने त्यांना लगेच खच्ची बैल ठरवलं. त्या पोळ्याला धाकट्या काकांनी तर बाबांच्याच गळ्यात घुंगरमाळ घातली. बाबा हसले. आई हसली नाही.

आता बाबांना लघवीचा त्रास सुरू झाला, प्रोस्टेट वाढलेलं निघालं. काकांचा एकच घोशा: "नसबंदीनं कॅन्सर झाला, लिहून घे!" खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते.

आज नागपुरात डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पाहिल्या. म्हणाले, "कॅन्सर नाही. वयाने होते अशी वाढ, गोळ्या देतो. नसबंदीला दोष देऊ नका."

सोबत आलेले काका जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मले बी असाच त्रास होऊन राहिला. मी त नसबंदी केली नाही, मंग काहून?"

बाबा खुर्चीवरून उठले आणि त्यांनी काकांचा खांदा धरून त्यांना तिथे बसवलं.

"बस गा, आता तुझा पोळा!"